पॉप-अप उघडला, पण फोकस कुठे गेला?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात ओळख. मी घाटाखालचा, खामगावकडचा. बीटेक केलं आणि आता काही वर्षं वेबसाइटच्या फ्रंट-एंडचं काम करतोय. म्हणजे तुम्हाला स्क्रीनवर जे दिसतं, जिथं तुम्ही क्लिक करता, ती बाजू.

आजचा विषय आहे पॉप-अप. "तुम्हाला नक्की सबमिट करायचं आहे का?" असं विचारणारी, मागचं पान अंधारं करून मधोमध येणारी ती चौकट. आम्ही तिला मोडल डायलॉग म्हणतो. ही चौकट उघडते तेव्हा कीबोर्डचा फोकस कुठं असायला पाहिजे, यावर आज बोलायचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर अख्खा भाग? हो. कारण या एवढ्याशा गोष्टीपायी माणसाचा अर्ज राहून जातो. आणि कोड लिहीत नसाल तरी शेवटपर्यंत थांबा. तुमच्या फोनवर पाच मिनिटांत करता येईल अशी एक टेस्ट सांगणार आहे.

फोकस म्हणजे नेमकं काय?

लॅपटॉपवर कुठलीही साइट उघडा, माउस बाजूला ठेवा आणि टॅबचं बटण दाबत राहा. एकेक लिंक, एकेक बटण, एकेक रकाना यांच्याभोवती रेघ येत जाईल. ती रेघ जिथं आहे तिथं फोकस आहे. म्हणजे आत्ता एंटर दाबला तर तो त्याच बटणाला लागणार, टाइप केलं तर त्याच रकान्यात उमटणार. शिफ्ट आणि टॅब एकत्र दाबलं की फोकस मागं येतो.

माउस किंवा बोट वापरणाऱ्याला फोकसची फिकीर नसते, कारण तो बघतो आणि थेट तिथं क्लिक करतो. पण ज्याला दिसत नाही, तो स्क्रीन रीडर वापरतो. विंडोजवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे, पूर्ण फुकट. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या तरुणानं 2006 मध्ये तो बनवायला सुरुवात केली, आणि तो स्वतः अंध आहे. हा प्रोग्राम मराठीही वाचून दाखवतो. अँड्रॉइड फोनवर हेच काम टॉकबॅक करतो, आयफोनवर व्हॉइसओव्हर.

टॅब दाबला की फोकस जिथं जाईल, तिथलं स्क्रीन रीडर बोलतो. म्हणजे अंध माणसासाठी फोकस ही नुसती रेघ नाही. पानावर तो स्वतः जिथं उभा आहे ती ती जागा आहे.

आणि हे फक्त अंध लोकांपुरतं नाही. हात थरथरतात म्हणून ज्याला माउस नीट धरता येत नाही तो कीबोर्डच वापरतो. एका हातानं काम करणारे वापरतात. आणि आपल्या सेतू केंद्रातला ऑपरेटर बघितलाय कधी? दिवसाला ढीगभर अर्ज भरतो, माउसला हातसुद्धा लावत नाही. टॅब, टॅब, एंटर. पॉप-अप नीट बनवला तर त्याचंही काम झपझप होतं.

एका मित्राचा अर्ज

माझा एक मित्र आहे, चिखली तालुक्यातला. जन्मापासून अंध. ग्रॅज्युएशन केलंय, स्पर्धा परीक्षा देतो, लॅपटॉपवर एनव्हीडीए लावून माझ्यापेक्षा फास्ट टाइप करतो. एका भरतीचा फॉर्म तो भरत होता. कुठल्या, ते सांगत नाही. नाव, पत्ता, शिक्षण, प्रमाणपत्रं, सगळं त्यानं एकट्यानं भरलं. शेवटी "पुढे जा" हे बटण दाबलं. आणि काहीच नाही. एनव्हीडीए गप्प.

त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा गप्प. टॅब दाबला तर खालच्या लिंका वाचायला लागला: संपर्क, गोपनीयता धोरण, वगैरे. थोड्या वेळानं साइटनं लॉगआउट केलं. सगळं पुन्हा भरायचं. असं तीनदा झालं. मला फोन करून म्हणाला, "भाऊ, बटन दाबलं त काहीच होत नाही. मले वाटते साइटच बंद पडली."

साइट बंद नव्हती. त्यानं स्क्रीन शेअर केली तेव्हा मला दिसलं की स्क्रीनच्या मधोमध पॉप-अप उघडाच होता. "दिलेली माहिती बरोबर आहे का? हो, नाही." डोळसाला दोन सेकंदांत दिसेल आणि तो "हो" दाबून मोकळा होईल. पण फोकस मागच्या पानावर, त्या "पुढे जा" बटणावरच राहिला होता. पॉप-अपचं कोड पानाच्या अगदी सुरुवातीला होतं. त्यामुळे हा जितका टॅब दाबत पुढं जाई, तितका पॉप-अपपासून लांब जाई.

मी त्याला फोनवर सांगून उलटं, शिफ्ट-टॅबनं, वर न्यायचा प्रयत्न केला. तोवर सेशन पुन्हा संपलं. शेवटच्या तारखेची संध्याकाळ होती. तो गावातून तालुक्याला नेट कॅफेत गेला आणि एका अनोळखी माणसाला आधार नंबर, पासवर्ड, ओटीपी सगळं सांगून अर्ज भरून आला.

अर्ज भरला गेला. पण विचार करा. जे काम त्यानं नव्व्याण्णव टक्के एकट्यानं केलं होतं, त्याच्या शेवटच्या एका "हो"साठी त्याला स्वतःचा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात द्यावा लागला. आपण तरुण पोरं एकमेकांना सांगत असतो, ओटीपी कोणाला देऊ नका. त्याच्यापुढं दुसरा रस्ताच ठेवला नव्हता.

तीन कामं: आत घ्या, आत ठेवा, परत सोडा

पॉप-अप बनवताना फोकसची तीन कामं असतात. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला गेला असाल तर लगेच कळेल. चप्पल स्टँडवर चप्पल ठेवता, दर्शनबारीत शिरता. बारीत दोन्ही बाजूंनी कठडे असतात, मधूनच भलतीकडं जाता येत नाही. आणि दर्शन झालं की तुम्हाला परत तिथंच यायचं असतं, जिथं चप्पल ठेवली. बाहेर पडल्यावर कोणी तुम्हाला गावाच्या दुसऱ्या टोकाला सोडलं तर मे महिन्यात काय होईल, सांगायला नको.

पहिलं काम, आत घ्या. पॉप-अप उघडला की फोकस त्याच्या आत गेला पाहिजे, आपोआप. आत म्हणजे नेमका कुठं? छोटा फॉर्म असेल तर पहिल्या रकान्यावर. नियम-अटींसारखा लांबलचक मजकूर असेल तर वरच्या शीर्षकावर, नाहीतर फोकस थेट खालच्या "मान्य" बटणावर जातो आणि मधला मजकूर ऐकायचा राहतो. शीर्षकावर फोकस देता यावा म्हणून त्याला टॅबइंडेक्स उणे एक द्यायचं. आणि परत न फिरवता येणारं काम असेल, म्हणजे "खातं कायमचं डिलीट करा", तर फोकस "रद्द करा"वर ठेवा. म्हणजे सवयीनं एंटर दाबला तरी नुकसान होत नाही.

सोबत पॉप-अपला नाव द्या. ॲरिया-लेबल्डबाय लावून शीर्षक जोडलं की स्क्रीन रीडर म्हणतो, "अर्ज निश्चित करा, डायलॉग." नाव नसेल तर नुसतं "डायलॉग" म्हणतो. कशाचा ते माणसानं ओळखायचं!

दुसरं काम, आत ठेवा. पॉप-अप उघडा असेपर्यंत टॅब मागच्या पानावर जायला नको. शेवटच्या बटणानंतर पुन्हा पहिल्यावर यावा. आणि एस्केप दाबला की पॉप-अप बंद व्हावा.

तिसरं काम, परत सोडा. बंद झाल्यावर फोकस ज्या बटणानं पॉप-अप उघडला त्याच्यावर परत. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं, कारण डोळसाला काहीच बिघडलेलं दिसत नाही. पॉप-अप गेला, पान होतं तसं आहे. पण फोकस हरवला असेल तर स्क्रीन रीडर पानाच्या टोकापासून पुन्हा सुरू होतो. पन्नास रकान्यांचा फॉर्म असेल आणि तुम्ही चाळिसाव्यावर होता, तर पुन्हा पहिल्यापासून चाला.

इथं एक बारीक गोष्ट आहे. समजा अपलोड केलेल्या कागदपत्रांची यादी आहे आणि प्रत्येकापुढं "काढून टाका" बटण आहे. दाबलं, पॉप-अपमध्ये "हो" म्हटलं, ती ओळ गेली. आता परत कुठं सोडणार? ते बटणच शिल्लक नाही. अशा वेळी पुढच्या ओळीवर न्या, पुढची नसेल तर यादीच्या शीर्षकावर. ही जागा आपली आपणच ठरवायची असते. ब्राउझरला तुमच्या यादीचा अर्थ कळत नाही.

कोडमध्ये कसं करायचं?

आता थोडं डेव्हलपर मंडळींसाठी. पूर्वी हे सगळं हातानं करावं लागायचं. एक डिव्ह घ्यायचा, त्याला डायलॉगचा रोल द्यायचा, टॅब आणि एस्केपवर लक्ष ठेवणारं जावास्क्रिप्ट लिहायचं, उघडण्याआधी फोकस कुठं होता ते लक्षात ठेवायचं आणि बंद करताना परत द्यायचं.

आता एचटीएमएलमध्येच डायलॉग नावाचा टॅग आहे. क्रोममध्ये तो 2014 मध्येच आला होता, पण फायरफॉक्स आणि सफारीमध्ये मार्च 2022 मध्ये आला, आणि मग तो बिनधास्त वापरता यायला लागला. हा टॅग शो-मोडल या फंक्शननं उघडला की ब्राउझर स्वतः फोकस आत नेतो, मागचं पान निष्क्रिय करतो, एस्केपवर बंद करतो आणि बंद झाल्यावर फोकस जुन्या जागी देतो. तिन्ही कामं फुकटात!

पण नीट ऐका, शो-मोडल. नुसतं शो वापरलं तर चौकट दिसते, पण मागचं पान चालूच राहतं. आणि फोकस कुठल्या रकान्यावर हवा ते ऑटोफोकस लिहून सांगा. नाहीतर ब्राउझर पहिलं जे सापडेल ते धरतो आणि बहुतेक वेळा ते कोपऱ्यातलं "बंद करा" असतं.

डायलॉग टॅगमध्ये टॅब दाबत राहिलात तर फोकस कधी कधी ब्राउझरच्या ॲड्रेस बारवर जातो. टेस्टर मंडळी हा बग म्हणून लिहितात. तो बग नाही. मागच्या पानावर जात नाही ना, मग झालं. माणसाला ब्राउझरपर्यंत पोचता आलंच पाहिजे.

जुन्या प्रोजेक्टमध्ये डिव्हच असेल आणि बदलता येत नसेल, तर मागच्या पानाला इनर्ट हा गुणधर्म लावा. 2023 पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतो. एकच काळजी घ्या, पॉप-अप स्वतः त्या इनर्ट भागाच्या आत नको. नाहीतर बारीला कुलूप लावलं आणि माणूस आतच राहिला, असं व्हायचं.

काही गैरसमज

एक, "ॲरिया-मोडल ट्रू लिहिलं, झालं काम." नाही झालं. ते फक्त स्क्रीन रीडरला सांगतं की ही चौकट मोडल आहे. टॅबला ते अडवत नाही आणि फोकसही हलवत नाही.

दोन, "फोकस आत अडकवणं नियमात बसत नाही." वेबच्या सुलभतेचे जे जागतिक नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यात 2.1.2 क्रमांकाचा नियम आहे: कीबोर्डचा सापळा नको. पण त्याचा अर्थ असा की कीबोर्डनं आत गेलेल्या माणसाला कीबोर्डनंच बाहेर पडता आलं पाहिजे. एस्केप चालतो, "बंद करा" बटणावर एंटर चालतो, मग तो सापळा नाही. पण बाहेर पडायला माउसच लागत असेल तर तो पक्का सापळा.

तीन, "सगळ्याच पॉप-अपला हेच लावू." नको राजेहो. खाली येणारी कुकीची पट्टी, मेन्यू, "सेव्ह झालं" अशी छोटी सूचना, हे मोडल नाहीत. तिथं फोकस कोंडला तर माणूस विनाकारण अडकतो. कुकीच्या पट्टीचा प्रश्न वेगळा आहे. ती पानाच्या खालच्या भागावर बसते आणि टॅबनं पोचलेलं बटण तिच्याखाली पूर्ण झाकलं जातं. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये यासाठी खास नवा नियम आहे.

चार, "ती निळी रेघ डिझाइनमध्ये खराब दिसते, काढून टाक." क्लायंट हे हमखास म्हणतो. रंग बदला, जाडी बदला, पण रेघ काढू नका. फोकस दिसलाच पाहिजे, हाही नियमच आहे.

आणि सेशन संपण्याबद्दल. माझ्या मित्राला न सांगता लॉगआउट केलं होतं. डब्ल्यूसीएजी सांगतं की वेळमर्यादा ठेवायची असेल तर ती बंद करायची, बदलायची किंवा वाढवायची सोय द्या. वाढवायची सोय देणार असाल तर वेळ संपायच्या आधी सांगा आणि एखादं बटण दाबण्याइतक्या सोप्या कृतीनं वाढवायला किमान 20 सेकंद द्या. ही सूचनाही पॉप-अपच असते. तिच्यात फोकस नसेल तर ते 20 सेकंद पण फुकट गेले.

हे उपकार आहेत का?

कोणी विचारतं, किती लोक असतील असे? 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातल्या 29 लाखांहून जास्त आपल्या महाराष्ट्रात. पण मला विचाराल तर आकड्यावर हे ठरू नये.

कायदाही आकडा विचारत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे आणि त्यात सरकारी तसंच खासगी सेवा देणाऱ्यांवर सुलभतेची जबाबदारी टाकली आहे. सरकारी साइटसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती 2023 मध्ये आली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 30 एप्रिल 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाईंना बँक खातं उघडताना ई-केवायसीत डोळे मिचकावून दाखवायला सांगितलं होतं, जे त्यांना शक्य नव्हतं. दुसरे याचिकाकर्ते अमर जैन, स्वतः अंध असलेले वकील. न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या खंडपीठानं सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि 20 निर्देश दिले.

तो निकाल ई-केवायसीबद्दल होता, पॉप-अपच्या फोकसबद्दल नाही. पण गोष्ट तीच आहे. स्क्रीनवर एक कृती मागायची, आणि ती करताच येणार नाही अशी सोय ठेवायची. म्हणून मी याला उपकार म्हणत नाही. आपल्या कामातली ती राहून गेलेली गोष्ट आहे.

तुमच्या फोनवरची टेस्ट

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा आणि टॉकबॅक चालू करा. त्याआधी बंद कसं करायचं ते बघून ठेवा, नाहीतर मलाच शिव्या द्याल! बहुतेक फोनवर आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं काही सेकंद दाबून धरली की ते चालू-बंद होतं, पण तो शॉर्टकट तिथं आधी सुरू आहे का बघा.

चालू झालं की एका बोटानं उजवीकडं स्वाइप करा, पुढची गोष्ट वाचली जाईल. दोनदा टॅप केलं की ती दाबली जाईल. खाली आणि मग डावीकडं स्वाइप केलं की मागं, म्हणजे बॅक.

आता नेहमीची एखादी साइट उघडा, लॉगिन किंवा फिल्टरचा पॉप-अप शोधा आणि डोळे मिटा. उघडल्याबरोबर आवाजानं काही सांगितलं का? स्वाइप करत राहिलात तर मागचं पान वाचायला लागतं का? बंद केल्यावर तुम्ही होता तिथंच आहात का? हेच तीन प्रश्न. लॅपटॉप असेल, किंवा फोनला ओटीजीनं कीबोर्ड जोडता येत असेल, तर टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर आणि एस्केप एवढ्यावर हेच करा.

बिघाड सापडला तर साइटवरच्या फीडबॅकमध्ये लिहा: कुठलं पान, कुठलं बटण, काय झालं, काय व्हायला हवं होतं. "तुमची साइट बेकार आहे" असं लिहू नका. ते कोणी वाचत नाही. "पुढे जा दाबल्यावर फोकस पॉप-अपमध्ये जात नाही" असं लिहिलंत तर माझ्यासारखा कोणीतरी डेव्हलपर बहुतेक त्याच दिवशी दुरुस्त करेल, कारण काम खरंच छोटं आहे.

आणि जे कॉलेजात आहेत, फायनल इयरचा प्रोजेक्ट करताय, त्यांनी त्यात एक पॉप-अप तरी असा बनवा. व्हायवाला विचारलं तर तीन शब्द सांगा: आत घ्या, आत ठेवा, परत सोडा.

चला, आज एवढंच. पुढच्या भागात फॉर्ममधल्या चुकांच्या सूचनांबद्दल बोलू, ते लाल रंगात येतं आणि कोणालाच ऐकू जात नाही ते. भेटू, काळजी घ्या.